बटण दाबण्याआधीचा गृहपाठ

वाचकांचे प्रश्न : श्रद्धा, सदसद्विवेकबुद्धी आणि मतदान

इंदूर महानगरपालिकेची मागची निवडणूक जुलै 2022 मध्ये झाली. म्हणजे 2027 मध्ये महापौर आणि 85 पार्षदांसाठी (नगरसेवकांसाठी) पुन्हा मतदान व्हायचं आहे. त्यानंतर 2028 च्या अखेरीस विधानसभा आणि 2029 मध्ये लोकसभा. इंदूर आणि महूच्या मराठी ख्रिस्ती वाचकांचे या विषयावरचे प्रश्न इथे थोडक्यात घेतले आहेत. मत कुणाला द्यावं हे या उत्तरांत सापडणार नाही. ते ठरवण्यासाठी काय काय करावं लागतं, ते मात्र जमेल तितकं नेमकं सांगितलं आहे.

सप्रेम सलाम. आमच्या प्रार्थनासभेत सांगतात, आपलं नागरिकत्व स्वर्गातलं आहे, राजकारणाच्या चिखलात विश्वासणाऱ्याने पाय घालू नये. मग मत न देणंच बरं का?
(सुदामानगर)

स्वर्गातल्या नागरिकत्वाचं वचन पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलं (3:20). त्याच फिलिप्पै शहरात चौकशी न करता फटके मारल्यावर ‘आम्ही रोमी नागरिक आहोत’ असं अधिकाऱ्यांना ठणकावणाराही पौलच (प्रेषितांची कृत्ये 16:37). पुढे यरुशलेमेत चाबूक उगारला गेला तेव्हा त्याने तोच हक्क सांगितला आणि कैसरियात थेट कैसराकडे दाद मागितली. बाबेलात धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने त्या परक्या नगराचं हित साधायला सांगितलं (29:7). इंदूर तर आपलं स्वतःचं शहर आहे.

कॅथलिक धर्मशिक्षणाच्या परिच्छेद 2240 मध्ये कर भरणं, मतदानाचा हक्क बजावणं आणि देशाचं रक्षण करणं ही तीन नैतिक कर्तव्यं एकाच वाक्यात आली आहेत. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये सर्वांना लागू असा एक लेखी नियम नाही. पण शासन ही शेजाऱ्याच्या भल्यासाठी देवाने दिलेली व्यवस्था आहे, हे रोमकरांस पत्र 13 वरून ल्यूथर आणि कॅल्व्हिन या दोन्ही आद्य प्रॉटेस्टंट सुधारकांनी शिकवलं. लोकशाहीत ती व्यवस्था कोण चालवणार हे आपण ठरवतो, त्यामुळे जबाबदारीचा एक वाटा आपल्याकडेही येतो. एखाद्याने मनापासून विचार करून मतदान न करण्याचं ठरवलं, तर रोमकरांस पत्राचा 14 वा अध्याय वाचून आपण त्याला दोष देऊ नये. पण यादीत नाव आहे की नाही हेही ज्याने पाहिलेलं नाही, त्याने वचनाचा आधार घेऊ नये.

‘सदसद्विवेकबुद्धीला पटेल त्याला मत द्या’ एवढंच उपदेशात ऐकायला मिळतं. पण मनाला काय, कालची सभा ऐकून एक पटतं आणि आजचा व्हॉट्सॲप वाचून दुसरंच. नेमकं करायचं काय?
(पलासिया)

प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. मनाला आवडणं वेगळं आणि सदसद्विवेकबुद्धीचा निर्णय वेगळा. हा निर्णय माहिती आणि विचार यांतून तयार व्हावा लागतो. पहिल्या करिंथकरांस पत्रात (4:4) पौल म्हणतो की माझं मन मला दोष देत नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही. 1521 मध्ये वर्म्सच्या सभेत ल्यूथरने आपली सदसद्विवेकबुद्धी देवाच्या वचनाला बांधलेली आहे असं सांगितलं. ती मोकाट आहे असं तो म्हणाला नाही. कॅथलिक शिकवणही दोन्ही बाजू धरते : खात्रीने झालेल्या निर्णयाविरुद्ध जाऊ नये (धर्मशिक्षणाचा परिच्छेद 1790) आणि निर्णय घेणाऱ्या बुद्धीला घडवत राहावं (1783 ते 1785). आपल्याकडे पहिली बाजू सगळ्यांच्या तोंडी असते, दुसरीसाठी कुणी वेळ काढत नाही.

कामाची सुरुवात पदापासून करा. ज्या पदासाठी मत देतोय त्याच्या हातात काय आहे? नळाचं पाणी, ड्रेनेज, कचरा, बांधकामाची परवानगी हे पालिकेचं काम. पोलीस, सरकारी रुग्णालयं, दफनभूमीविषयीचे कायदे आणि धर्मांतराचा कायदा राज्याकडे. ख्रिस्ती विवाहाचा 1872 चा आणि घटस्फोटाचा 1869 चा कायदा बदलायचा तर प्रश्न संसदेत जातो. सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. देशाच्या प्रश्नावर चिडून पार्षद निवडला जातो आणि मग पाच वर्षं गल्लीतला तुंबलेला चेंबर तसाच राहतो. महूच्या वाचकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. महू विधानसभा इंदूर जिल्ह्यात असली, तरी लोकसभेला ती धार मतदारसंघात जाते. इंदूरच्या उमेदवारांवरून घरात वाद घालून उपयोग नाही.

मग उमेदवाराचं शपथपत्र. लोकसभा आणि विधानसभेच्या उमेदवाराला अर्जासोबत फॉर्म 26 भरावा लागतो. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर तो सर्वांना वाचता येतो, ‘नो युवर कँडिडेट’ या ॲपवरही मिळतो. बहुतेक जण शेवटचा गोषवारा बघून ‘इतके कोटी’ म्हणतात आणि थांबतात. आतली पानं वाचायला अर्धा तास लागतो, तो द्या.

गुन्ह्यांच्या रकान्यात संख्येपेक्षा कलमं बघा. भारतीय न्याय संहितेचं कलम 189 म्हणजे बेकायदा जमाव आणि 223 म्हणजे सरकारी आदेश मोडणं. जुन्या दंडविधानात यांना 143 आणि 188 म्हणत. मोर्चे-धरण्यांतून असे गुन्हे लागतात आणि पाणीप्रश्नावर रस्त्यावर बसलेल्या माणसावर पाच-सहा सहज असू शकतात. 64 (बलात्कार), 109 (खुनाचा प्रयत्न), 308 (खंडणी), 318 (फसवणूक) यांतलं एक जरी असलं तरी थांबून वाचावं. जुन्या प्रकरणांत हेच 376, 307, 384 आणि 420 म्हणून लिहिलेलं दिसेल. कोर्टाने दोषारोप निश्चित केलेत का, हे त्याच तक्त्यात असतं. नुसती फिर्याद कुणावरही होऊ शकते. दोषारोप ठेवण्याआधी न्यायाधीशाने कागद पाहिलेले असतात. तरीही शिक्षा होईपर्यंत तो आरोपच, हे ख्रिस्ती माणसाने विसरू नये. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा फॉरवर्ड केलेल्या मेसेजलाही लागू आहे.

मालमत्तेच्या पानांवर त्याच उमेदवाराचं मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवा. जमिनीचा भाव वाढून आकडा फुगतो, त्यात वावगं काही नाही. प्रश्न नवीन खरेदीचा आहे. मागच्या पाच वर्षांत आयकरात दाखवलेलं उत्पन्न त्याच कागदावर दिलेलं असतं. त्या उत्पन्नात ही खरेदी बसते का? सरकारी थकबाकी, म्हणजे सरकारी घराचं भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोनची बिलं, हा रकानाही वाचा. शासनाशी असलेल्या कंत्राटांचा रकाना तर जरूर वाचा. रकाना कोरा सोडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केलं आहे.

इथपर्यंत आल्यावर प्रार्थना. प्रार्थना आधी करू नये असं नाही, पण माहिती न घेता ‘प्रभू, दाखव’ म्हणणं म्हणजे आपल्या वाट्याचं काम त्याच्यावर ढकलणं. सासरे इथ्रो यांनी मोशेला अधिकारी निवडताना सांगितलेल्या गोष्टी (निर्गम 18:21) समोर ठेवा : माणूस कर्तबगार आहे का, देवाला भिणारा आहे का, सत्यनिष्ठ आहे का, अन्यायाच्या पैशाचा त्याला तिटकारा आहे का. शेवटी एक प्रश्न स्वतःला विचारावा : या मताने माझ्यापेक्षा दुबळ्या कुणाचं भलं होणार आहे? त्याचं उत्तर देता येत नसेल तर निर्णय अजून पिकलेला नाही.

एका उमेदवाराने आमच्या मंडळीच्या पंचांना निरोप पाठवला : दफनभूमीची पडकी भिंत बांधून देतो, मंडळीची सगळी मतं माझ्याकडे वळवा. काही वडीलधारी हो म्हणायच्या बेतात आहेत. भिंतीची गरज खरी आहे.
(इंदूर, मंडळीच्या कमिटीवरील वाचक)

भिंतीची गरज खरी आहे म्हणूनच नीट पाऊल टाकायला हवं. पंच कमिटीकडे मालमत्तेचा कारभार आहे, मतं नाहीत. मत ज्याचं त्याचं, तेही गुप्त. जे आपल्या मालकीचं नाही ते कमिटी देऊ करते, आणि निकालानंतर ‘तुमच्या बूथवर मतं पडली नाहीत’ म्हणून जाब मात्र सगळ्या मंडळीला द्यावा लागतो. बूथनिहाय आकडे उमेदवाराला कळतात, हे विसरू नका.

कायद्याची बाजूही कडक आहे. खिशातून पैसे काढून मतांच्या बदल्यात भिंत बांधणं म्हणजे लाच. शिवाय 1988 चा धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा कायदा आहे. त्यानुसार प्रार्थनास्थळाची जागा, पैसा किंवा तिथली सभा राजकीय कामासाठी वापरता येत नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि 10,000 रुपयांपर्यंत दंड, आणि ती कमिटीतल्या माणसांना होते. उपासनेनंतर हॉलमध्ये थांबवून ‘यंदा अमक्याला’ असं ठरवणारी बैठक या कायद्यात सापडू शकते.

करायचं असं. दफनभूमीचा खसरा (जमिनीचा सर्व्हे) क्रमांक, लांबी-रुंदी, पडलेल्या भागाचे फोटो आणि अंदाजे खर्च अशी एक पानाची मागणी तयार करा. आचारसंहिता लागण्याच्या बऱ्याच आधी ती पालिकेत आणि आमदारांच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. निवडणूक जाहीर झाली की नव्या कामांच्या घोषणा आणि मंजुऱ्या थांबतात, त्यामुळे त्या काळात मिळालेलं आश्वासन कागदावर येतच नाही. प्रचारात मागायचंच असेल तर तेच पान प्रत्येक उमेदवाराला द्या, विरोधी उमेदवारालाही, आणि बदल्यात काहीही देऊ करू नका. वस्तीतल्या इतरांच्या स्मशानाची किंवा कब्रस्तानाचीही अशीच दुरवस्था असेल तर तीही मागणीत घाला. मागणीला वजन येतं, आणि शेजाऱ्याच्या मेलेल्या माणसांची कदर होते.

वडीलधाऱ्यांशी मात्र आदराने बोला. आजवर अर्ज करून भिंत झाली नाही, हा त्यांचा अनुभव असणार आणि तो खोटा नाही.

गेल्या वेळी एका पाळकसाहेबांनी उपदेशात उमेदवाराचं नाव घेतलं आणि दुसऱ्याला मत दिलं तर देवाचा कोप होईल असं म्हटलं. पाळकांचं ऐकू नये का?
(महू)

वचन कसं लावावं हे पाळकांकडून जरूर शिकावं. गरिबांचा न्याय, सत्य, जीविताचा मान यांवर त्यांनी रोखठोक बोलावं, निवडणुकीच्या तोंडावर तर अधिकच बोलावं. नाव घेतलं की मात्र ती शिकवण राहत नाही. देवाच्या कोपाची भीती घालणं हा तर कायद्यात नावानिशी सांगितलेला गैरप्रकार आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 123(2) मध्ये मतदाराला दैवी अवकृपेची किंवा आध्यात्मिक शिक्षेची भीती दाखवणं हे अनुचित दडपण मानलं आहे. उमेदवाराच्या संमतीने तसं झालं असेल तर त्याची निवड रद्द होऊ शकते. 123(3) खाली धर्माच्या नावावर मत मागणंही येतं, आणि 2 जानेवारी 2017 रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने 4 विरुद्ध 3 मतांनी त्यात उमेदवाराबरोबर मतदाराचा धर्मही धरला.

कॅथलिक धर्मगुरूंना चर्चच्या कायद्याने सत्तेची पदं घेण्यास (कानून 285) आणि पक्षात सक्रिय होण्यास (287) मनाई आहे, अपवाद फार थोडे. आपल्या पाळकांशी यावर एकांतात बोला. त्यांच्या अडचणीचा व्हिडिओ करून गटावर टाकू नका. मत्तय 18:15 इथेही लागू आहे.

उमेदवार ख्रिस्ती असेल तर त्यालाच मत द्यायला नको का?
(छावणी)

ख्रिस्ती म्हणून नको, आणि ख्रिस्ती असूनही टाळायला नको. तोच फॉर्म 26, तेच इथ्रोचे चार निकष. याकोबाने मंडळीत तोंड पाहून वागण्याला पाप म्हटलं (2:9), आणि आपल्या माणसाला झुकतं माप देणं हाही त्याचाच प्रकार. शेजारची हिंदू बाई वर्षानुवर्षं वस्तीच्या रेशनसाठी भांडते आणि आपला बांधव फक्त नाताळला दिसतो, तर निवड अवघड असू नये.

रात्री माणसं आली, पाकीट आणि साडी ठेवून गेली. सासूबाईंच्या हातात पवित्र शास्त्र देऊन शपथ घ्यायला लावली. आता त्यांना वाटतं, शपथ मोडली तर पाप लागेल.
(इंदूर)

सासूबाईंची घालमेल समजते. देवाचं नाव घेऊन दिलेला शब्द त्यांना हलका वाटत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण वाईट करण्याची शपथ बांधत नाही. हेरोदाने पाहुण्यांसमोर घेतलेली शपथ पाळली आणि योहानाचं शिर गेलं (मार्क 6:23-27); शास्त्र त्याची शपथ पाळल्याबद्दल वाखाणणी करत नाही. पौलाला मारेपर्यंत अन्नपाणी घेणार नाही असं बोललेल्या चाळीसहून अधिक जणांनी (प्रेषितांची कृत्ये 23:12) तो शब्द मोडला असता तर बरंच झालं असतं. पाप झालं ते पैशासाठी शपथ घेण्याघालण्यात. त्यासाठी क्षमा मागावी, आणि मत विचार करूनच द्यावं.

वस्तू परत करणं सर्वात चांगलं. घरातल्या दोघांनी मिळून, दिवसाउजेडी. परत नेण्यात धोका वाटत असेल तर पाळकांना किंवा फादरना सांगून गरजूला द्या. दानपेटीत टाकू नका. यहूदाने फेकलेली रुप्याची नाणी मुख्य याजकांनीसुद्धा भांडारात घेतली नव्हती.

कायद्यात देणारा आणि घेणारा दोघेही येतात : न्याय संहितेचं कलम 170, शिक्षा 173 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. लोकसभा-विधानसभेच्या वेळी आयोगाचं ‘सी-व्हिजिल’ ॲप चालतं. त्यात फोटो किंवा व्हिडिओ ॲपमधूनच तिथल्या तिथे घ्यावा लागतो, गॅलरीतला जुना चालत नाही. नाव न देता तक्रार करता येते आणि 100 मिनिटांत कारवाईचं बंधन आहे. नसता 1950 वर फोन करा. आणि सासूबाईंना हे जरूर सांगा : यंत्रात कोणतं बटण दाबलं ते पाकीट देणाऱ्याला कधीही कळत नाही. व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते आणि खाली पेटीत पडते, हातात मिळत नाही. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून ‘फोटो दाखव’ म्हणणाऱ्यालाही सांगायला कारण आहे.

सगळेच उमेदवार कुठल्या ना कुठल्या मुद्द्यावर आपल्या श्रद्धेच्या विरोधात जातात. नोटा (‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण) दाबणं हाच स्वच्छ मार्ग नाही का?
(राऊ)

काही वेळा आहे, नेहमी नाही. ख्रिस्ती नीतिशास्त्रात एक जुना भेद आहे, तो इथे उपयोगी पडतो. उमेदवाराच्या वाईट भूमिकेसाठी त्याला मत देणं म्हणजे त्या वाईटात सामील होणं. ती भूमिका नापसंत असतानाही, दुसऱ्या गंभीर कारणासाठी मत देणं हे दूरचं साहाय्य. कारण तितकंच वजनदार असेल तर ते चालतं. म्हणून दोन प्रश्न विचारा. मी हे मत त्या गोष्टीसाठी देतोय की ती असूनही? आणि ज्या कारणासाठी देतोय, ते त्या वाईटाच्या तोलाचं आहे का? जातीचा माणूस, ओळख, मुलाच्या नोकरीचा शब्द, ही कारणं त्या तोलाची नाहीत. समोरच्या उमेदवाराकडून निरपराध माणसांच्या जिवाला धोका आहे, हे कारण आहे. गर्भातल्या जिवाचा प्रश्न ज्यांना सर्वात मोठा वाटतो त्यांनी तो जरूर मोजावा. मात्र गर्भपाताचा 1971 चा कायदा संसदेचा आहे, पार्षदाकडून त्यात काही होणार नाही.

नोटाचं गणितही माहीत असावं. सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2013 रोजी हा पर्याय द्यायला सांगितला, तो नापसंती गुप्तपणे नोंदवता यावी म्हणून. निकाल त्याने बदलत नाही. इंदूरचंच उदाहरण घ्या. 2024 च्या लोकसभेत काँग्रेसच्या उमेदवाराने 29 एप्रिलला अर्ज मागे घेतला, 13 मे रोजी मतदान झालं आणि नोटाला 2,18,674 मतं पडली. एका मतदारसंघात एवढी नोटा मतं त्याआधी कधी पडली नव्हती. विजयी उमेदवाराला 12,26,751 मतं होती. नोटा पहिल्या क्रमांकावर आला असता, तरीही उमेदवारांमध्ये ज्याला सर्वाधिक मतं तोच लोकसभेचा सदस्य झाला असता. अनामत वाचण्यासाठी वैध मतांचा एक षष्ठांश लागतो, त्या हिशेबातही नोटा धरत नाहीत.

त्या दोन लाखांत विचारपूर्वक दिलेलीही मतं असणार, आणि निवडीचा हक्क हिरावला गेल्याचा निषेध म्हणून त्यांना अर्थ आहे. पण चार चांगले-वाईट उमेदवार उभे असताना, त्यांतला बरा कोण हे शोधायची खटपट न करता नोटा दाबला, तर हात स्वच्छ राहिले असं आम्ही म्हणणार नाही. पिलातानेही हात धुतले होते. अपक्ष आणि छोट्या पक्षांच्या उमेदवारांची शपथपत्रंही वाचा, ती कुणी वाचत नाही. सगळी वाचूनही मन एकावरही ठरत नसेल, तर नोटा दाबायला संकोच बाळगू नका.

आपल्या समाजावर धर्मांतराच्या तक्रारी होतात, प्रार्थनासभा बंद पाडतात. अशा वेळी फक्त आपल्या सुरक्षिततेचा विचार करून मत दिलं तर चूक आहे का?
(विजयनगर)

चूक अजिबात नाही. संविधानाच्या कलम 25 मध्ये सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य सर्वांना आहे आणि ते राखणारा उमेदवार शोधणं हा न्याय्य विचार आहे. मध्य प्रदेशात 1968 च्या कायद्याच्या जागी 2021 चा धर्मस्वातंत्र्य कायदा आला. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने 60 दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, हे त्यात आहे. विधानसभेच्या उमेदवाराला थेट विचारा : खोटी तक्रार झाली तर तुम्ही पोलीस ठाण्यात याल का? शक्यतो दोन साक्षीदारांसमोर विचारा.

पण ‘फक्त’ हा शब्द काढा. मत्तय 25 मध्ये राजा भुकेल्याचं, परक्याचं, बंदिवासातल्याचं विचारतो. ते कुणाच्या धर्माचे होते हे विचारत नाही. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आदिवासी मजुरांचे बचतगट उभे करून त्यांना सावकारी पाशातून सोडवू पाहणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची 25 फेब्रुवारी 1995 रोजी हत्या झाली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इथे इंदुरातच त्यांना धन्य घोषित केलं गेलं. ज्यांच्यासाठी त्या झिजल्या ते बहुतेक ख्रिस्ती नव्हते. आपल्यावरचा अन्याय दिसतो आणि शेजारच्या वस्तीवर बुलडोझर आला की दिसत नाही, अशी नजर झाली तर आपल्या तक्रारीतलंही सत्य लोकांना ऐकू येणार नाही.

मतदान रविवारी आलं तर?
(एरोड्रम रोड)

उपासना सकाळची करा किंवा मत आधी द्या. केंद्र साधारण सकाळी सात ते संध्याकाळी सहा उघडं असतं आणि सहाला रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. तारखेबद्दल हरकत असेल तर ती वेळेवर आणि लेखी घ्यावी. 2023 मध्ये मिझोरामची मतमोजणी रविवार, 3 डिसेंबरवरून सोमवार, 4 डिसेंबरला गेली ती अशा निवेदनांमुळेच.

नाव नगर जिल्ह्यातल्या गावीही आहे आणि इंदूरलाही. दोन्हीकडे मतदान वेगळ्या तारखांना येतं. गावच्या भावकीसाठी तिकडेही दिलं तर?
(खजराना)

देऊ नये. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असू शकतं, आणि अर्जात खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दुसरं मत हे कुणाचं तरी एक मत खोडून टाकतं. जिथे खरोखर राहता तिथलं नाव ठेवा आणि दुसरीकडचं फॉर्म 7 भरून काढा. पत्ता बदलला असेल तर फॉर्म 8, नाव नव्याने घालायचं तर फॉर्म 6.

इंदूरचं नाव आहेच असंही धरून चालू नका. मध्य प्रदेशात 4 नोव्हेंबर 2025 पासून यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं आणि त्यात गणना फॉर्म भरून द्यावा लागत होता. ज्यांनी दिला नाही त्यांनी नाव आत्ताच तपासावं. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत बदल होत नाही आणि त्याआधी हरकतींसाठी सात दिवस जातात, म्हणून किमान दहा दिवस हाताशी ठेवा. पालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. तिची यादी वेगळी बघावी लागते.

आई 87 वर्षांची, नजर गेलेली. तिचं मत आमच्याहून वेगळं असतं. मी सोबत जाऊन ‘योग्य’ बटण दाबलं तर काय बिघडलं?
(लोकमान्यनगर)

आईचं मत चोरलं, एवढं बिघडलं. तिचा देव तिच्याशी बोलतो आणि निर्णयाचा जाबही तिलाच द्यायचा आहे. नियम 49-एन खाली नजर नसलेल्या किंवा अशक्त मतदाराला 18 वर्षांवरील सोबती नेता येतो. त्या सोबत्याला लिहून द्यावं लागतं की मत गुप्त ठेवीन आणि त्या दिवशी आणखी कुणाचा सोबती झालेलो नाही. ती सांगेल तेच बटण दाबायचं, आणि घरी आल्यावर भावालासुद्धा सांगायचं नाही. तुमच्यावर तिचा भरवसा नसेल तर नातीला नेऊ द्या.

यंत्रावर ब्रेल अंक असतात, ते तिला आधी समजावून सांगा. काही जणांना त्याने एकट्याने जमतं. तिला केंद्रापर्यंत नेणं कठीण असेल तर 85 वर्षांवरील आणि 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना लोकसभा-विधानसभेला घरून मत देता येतं. त्यासाठी अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत फॉर्म 12-डी बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) द्यावा लागतो. मग अधिकाऱ्यांचं पथक कळवलेल्या दिवशी मतपत्रिका घेऊन घरी येतं आणि मतदानाचं चित्रण होतं, कुणाला मत दिलं ते मात्र चित्रणात येत नाही. एकदा घरून मत मागितलं की केंद्रावर जाऊन देता येत नाही, म्हणून फॉर्म भरण्याआधी आईलाच विचारा.